पाणक्या

तेरच्या पांढरीवर खोदकाम सुरू झालं
तेव्हा मी चौदाचा. रोज दीड रुपया.
तेरणा आटलेली. बारवेतून घागर भरायची,
खड्ड्यांच्या कडेकडेनं फिरायचं,
हात वर करील त्याच्या ओंजळीत धार धरायची.
बाकी कशालाच हात लावायचा नाही.
हजेरीपटावर माझी नोंद : पाणक्या, एक.

दुपारी बाभळीखाली भाकरी सोडताना
मोजणीवाले डोईफोडे सर सांगायचे :
मिसर देशात एक राजा सापडला.
साहेब कितीतरी हिवाळे वाळू उपसत होता,
पैसे देणारा कंटाळला होता,
आणि एका सकाळी पाणी वाहणाऱ्या पोरानं
घडा टेकवायला खळगा केला,
तर खाली पायरी.
असं म्हणतात. खरं काय ते वाळूला ठाऊक.

'नाव काय त्या पोराचं?'
सरांनी ठेच्याचं बोट चाटलं.
'कुणी लिहून ठेवलं असलं तर.'

मग सोळा पायऱ्या, मोहोर लावलेलं दार,
भिंतीला पाडलेलं भोक, आत धरलेली मेणबत्ती,
आणि मागं उभे असलेले अंधारात विचारतायत :
काय दिसलालंय?
सर इथंच थांबायचे. पाणी मागायचे.

त्या दिवसापासून मी घागर
दर खेपेला नव्या जागी टेकवू लागलो.
आधी टाचेनं दाबून बघायचो,
पोकळ वाजतंय का.
इलाहीबक्ष टोपलं उचलता उचलता हसायचा :
'सोळा हुडकलालास का रे? एक तरी घाव!'

पांढरीनं दिली खापरं,
शंखाच्या बांगडीचा चतकोर,
आणि एक विटेचा तुकडा,
ओली असताना कुत्रं चालून गेलेला.
सर म्हणाले, इथलं सुती कापड
भडोचवरून गलबतानं मिसरला जायचं.
मी उडालोच, म्हणजे राजाच्या अंगावर आपलं?
'नाही रे. त्याला मरून तेव्हा
तेराशे वर्षं झाली होती.'
मला उगीचच वाईट वाटलं.
तेराशे वर्षांनी हुकलो.

घरी गेलो की वर बघायचो.
आमच्या धाब्यावर तीच पांढरी माती,
गळायला लागलं की बाप आणखी दोन टोपली आणायचा.
कुणाकुणाच्या चुली, कुणाकुणाची अंगणं
आमच्या छातीवर, रोज रात्री,
आणि आम्ही घोरत होतो.

पुढं मोटारी भरायला शिकलो, ढोकीला दुकान टाकलं.
पंप आणि वाइंडिंग.
भिंतीवर कॅलेंडरातून कापलेला सोन्याचा चेहरा.
गिऱ्हाईक विचारायचं, कोणता देव?
मी म्हणायचो, ओळखीचा आहे.

आता नात मोबाइलवर दाखवते.
मशीनमध्ये घालून त्याचं हाड न् हाड बघितलंय.
एकोणीस वर्षांचा. पाऊल वाकडं, म्हणतात.
बरोबर ठेवलेल्या शंभरावर काठ्या,
त्यातल्या एकीवर लिहिलेलं,
ही महाराजांनी स्वतःच्या हातानं तोडली.
सोनं विसरतो मी. ही काठी विसरत नाही.
आणि कोपऱ्यातल्या पेटीत दोन लेकी,
जन्माआधीच गेलेल्या,
वीतभर.
नातीनं तो फोटो पटकन सरकवला.

खोदकाम संपलं त्या दिवशी
खड्डे पुन्हा बुजवले. तसा नियमच असतो.
माझी चुंबळ राहिली आत, सातव्या खड्ड्यात,
आईच्या जुन्या लुगड्याची, काठ हिरवा.
इलाहीबक्ष म्हणाला, काढू का?
वर टोपल्या पडायला लागल्या होत्या.
मी म्हणालो, असू दे.

कधी वाटतं, मुद्दामच ठेवली असेन.

आता पोराचं घर स्लॅबचं.
वर कुणी नाही, नुसती पाण्याची टाकी.
रात्री उठलो की अंधारात
अजून आधी टाच टेकवतो.